पूररेषा : नकाशावरील निळ्या आणि लाल रेषांचा अर्थ

नदीकाठी किंवा समुद्रकाठी राहणाऱ्या माणसाला पाणी किती चढू शकेल, हा प्रश्न पिढ्यानपिढ्या पडत आलेला आहे. पूर्वी त्याचे उत्तर वडीलधाऱ्यांच्या आठवणीत असे. आज ते नकाशावर रेषेच्या रूपाने मांडले जाते. नदीकाठच्या अशा रेषांना आपण 'पूररेषा' म्हणतो, तर समुद्रकिनाऱ्यावरील तशाच रेषेला शासकीय भाषेत 'धोकारेषा' हे नाव आहे. घर घेताना, शाळा बांधताना किंवा एखाद्या सोहळ्यासाठी मैदान निवडताना या रेषा कामी याव्यात, अशी अपेक्षा असते. परंतु त्या कशा आखल्या जातात, त्यांचा नेमका अर्थ काय आणि त्यांवर किती विसंबावे, याविषयी आपल्यात बरेच गैरसमज आहेत. नाशिकच्या गोदावरीचे उदाहरण समोर ठेवून आणि तेथून समुद्रापर्यंत जाऊन हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत.

दुतोंड्या मारुतीची साक्ष

नाशिककरांना पुराचे मोजमाप शिकवावे लागत नाही. रामकुंडाजवळ नदीपात्रातच उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती ही त्यांची पूरमापक पट्टी आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेपर्यंत आले, गळ्यापर्यंत चढले, अशा भाषेत शहरात पुराची वार्ता पसरते. नारोशंकराच्या देवळावरील घंटेचाही पुराच्या संदर्भात असाच उल्लेख होतो. मारुती बुडाला म्हणजे सराफ बाजार, भांडी बाजार आणि गंगाघाटावरील दुकानदारांनी माल हलवायचा, हे सांगण्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नसते.

१९६९ सालचा महापूर जुन्या नाशिककरांच्या स्मरणात घर करून राहिला. त्यानंतर १९ सप्टेंबर २००८ रोजी गोदावरीने पुन्हा तसेच रूप दाखविले. मूर्ती पाण्याखाली गेली आणि बाजारपेठेत पाणी शिरले. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मोठे पूर आले. या दोन्ही वेळी शहराच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरी या गावांनाही पाण्याने वेढले.

लोकांची ही मोजपट्टी विश्वासार्ह असली, तरी तिला दोन मर्यादा आहेत. पाणी आता कोठे आहे एवढेच मूर्ती सांगते. ते आणखी किती चढेल हे सांगत नाही. शिवाय मूर्ती रामकुंडाजवळ आहे. नासर्डी किंवा वाघाडीच्या काठावरील वस्तीत पाणी केव्हा शिरेल, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. नकाशाची गरज येथून सुरू होते.

निळी रेषा आणि लाल रेषा

महाराष्ट्रात पूररेषांची पद्धत प्रामुख्याने पाटबंधारे विभागाच्या १९८९ सालच्या परिपत्रकावर उभी राहिली. पुढे जलसंपदा विभागाने २०१८ मध्ये सुधारित सूचना काढल्या. या पद्धतीनुसार नदीच्या दोन्ही तीरांवर दोन-दोन रेषा आखल्या जातात.

निळी रेषा ही सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शविते. नदीकाठ आणि निळी रेषा यांमधील पट्टा हा निषिद्ध क्षेत्र मानला जातो. तेथे नवे घर बांधावयाचे नाही. उद्यान, मोकळे मैदान, खुला भाजीबाजार यांसारखे उपयोग तेवढे चालतात.

लाल रेषा ही सरासरीने १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी होय. निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा हा नियंत्रित क्षेत्र असतो. तेथे बांधकामास परवानगी मिळू शकते, परंतु अटींवर. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अशा बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट आहे.

पूरमैदानांच्या नियमनासाठी केंद्र सरकारने १९७५ मध्येच राज्यांकडे आदर्श विधेयकाचा मसुदा पाठविला होता. मणिपूर आणि राजस्थान यांसारख्या मोजक्याच राज्यांनी त्यावरून कायदा केला. महाराष्ट्राने परिपत्रक आणि बांधकाम नियमावली यांचा मार्ग धरला. नाशिकमध्ये २००८ च्या पुराने या विषयाला तातडी आणली. गोदावरीच्या पूररेषांच्या आखणीचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

'२५ वर्षांतून एकदा' म्हणजे काय?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज या शब्दप्रयोगातच आहे. '२००८ मध्ये मोठा पूर येऊन गेला, आता २५ वर्षे चिंता नाही,' असे अनेकजण समजतात. नाशिकच्या अनुभवानेच हे खोटे ठरविले आहे. २००८ नंतर आठ वर्षांनी, आणि पुढे केवळ तीनच वर्षांनी, शहराने मोठे पूर पाहिले.

वास्तविक '२५ वर्षांतून एकदा' याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता २५ पैकी १, म्हणजे ४ टक्के आहे, एवढाच. दरवर्षी ही सोडत नव्याने निघते. गेल्या वर्षी काय घडले याचे स्मरण नदीला नसते. आता एखाद्या कुटुंबाने ३० वर्षांच्या कर्जावर अगदी निळ्या रेषेवर घर घेतले असे समजू. त्या ३० वर्षांत किमान एकदा निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते. लाल रेषेवर घर असेल, तरीही त्याच मुदतीत तेथवर पाणी पोचण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. म्हणजे साधारण चारांत एक. लाल रेषेच्या पलीकडे आपण पूर्ण सुरक्षित झालो असे नव्हे. तेथे धोका कमी होतो, संपत नाही.

ही रेषा म्हणजे पाणी अडविणारी भिंत नव्हे. किती धोका पत्करावयाचा, याविषयी समाजाने केलेला तो एक ठराव आहे. हा ठराव ज्यांच्या वतीने झाला, त्या लोकांना तो ठाऊक असणे हे न्यायाचे पहिले पाऊल होय.

नकाशा कसा तयार होतो?

पूरनकाशाच्या मुळाशी तीन प्रश्न असतात : पाणी किती येईल, ते किती उंच चढेल आणि त्या उंचीखाली कोणती जमीन येते?

पहिल्या प्रश्नासाठी नदीवरील मोजणी केंद्रांच्या आणि धरणांच्या जुन्या नोंदी पाहिल्या जातात. दरवर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग मांडून संख्याशास्त्राच्या साहाय्याने २५ किंवा १०० वर्षांच्या पुराचा आकडा काढला जातो. विसर्ग 'क्युसेक'मध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. नाशिकच्या बाबतीत वरच्या अंगाला गंगापूर धरण असल्यामुळे त्याच्या सांडव्यावरून येणारे पाणी तर धरावेच लागते. शिवाय धरणाखाली शहराच्या परिसरात पडून नासर्डी, वाघाडी आणि लहान नाल्यांतून थेट येणाऱ्या पाण्याची भर त्यात पडते. हे दुसरे पाणी कोणत्याही दरवाजाने अडत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी नदीपात्राचे ठरावीक अंतरावर आडवे छेद मोजतात. पात्र किती रुंद, किती खोल, तळ खडकाळ की गाळाचा, काठावर झाडी की काँक्रीट, पुलाचे खांब आणि बंधारे कोठे आहेत, हे सारे त्यात येते. मग संगणकावरील प्रतिमानात पाणी सोडून प्रत्येक छेदाजवळची पातळी काढली जाते. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा अशा अभ्यासांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. राज्याची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या परिचयाची 'मेरी', तर नाशिकमध्येच आहे. ज्ञान आणि साधने शहराच्या दाराशी आहेत, ही समाधानाची बाब होय.

तिसऱ्या प्रश्नासाठी जमिनीची उंची हवी. येथे फुटा-दोन फुटांची चूकही महागात पडते. कारण सपाट काठावर पाण्याची पातळी एक फूट वाढली, तरी ते कित्येक मीटर आत शिरते. जमिनीवरील सर्वेक्षण खर्चिक, म्हणून उपग्रहावरून घेतलेल्या उंचीचा आधार घेण्याचा मोह होतो. परंतु असे उपग्रह पुष्कळदा झाडांचे शेंडे आणि घरांची छपरेच जमीन समजतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुल्प आणि स्ट्राउस यांच्या अभ्यासात ही चूक दुरुस्त करून पाहिली, तेव्हा जगभरात वाढत्या समुद्राच्या टप्प्यात येणाऱ्या लोकांचा अंदाज जुन्या अंदाजाच्या सुमारे तिप्पट निघाला. समुद्र तोच, माणसे तीच. केवळ नकाशा अधिक खरा झाला.

समुद्रकिनाऱ्यावरील वाढीव प्रश्न

नदीचा पूर ओसरला की पात्र पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. समुद्राच्या बाबतीत मात्र ज्या पातळीवरून आपण मोजतो, ती पातळीच हळूहळू वर सरकत आहे. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. आपण किती उत्सर्जन करतो त्यानुसार, या शतकाच्या अखेरीस ही वाढ १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत सुमारे २८ सेंटिमीटर ते १ मीटर असू शकेल, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

२०-३० सेंटिमीटर म्हणजे वीतभर पाणी. त्याने काय होते, असे वाटेल. परंतु किनाऱ्यावर या वाढीव पातळीवरच उधाणाची भरती, वादळाचा लोंढा आणि लाटा स्वार होतात. म्हणूनच आजवर शतकातून एकदा येणारी समुद्राची पातळी २१०० पर्यंत जगातील निम्म्याहून अधिक भरतीमापक केंद्रांवर दरवर्षी येऊ लागेल, असे तोच अहवाल सांगतो. '१०० वर्षांची रेषा' तेथे एका वर्षाची रेषा होऊन बसते.

आपल्या कोकणात नदी आणि समुद्र यांची गाठही पडते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच भरती आल्याने पाण्याला समुद्राकडे वाट मिळेना. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीने हाहाकार केला, तेव्हाही मुसळधार पावसाला भरतीची साथ मिळाली. वसई, अलिबाग किंवा गुहागरच्या खाडीकाठावरील शेतकरी आणि कोळी बांधवांना हे नवे नाही. खारबंदिस्ती फुटली की भरतीचे पाणी शेतात येते आणि मिठाने जमीन नापीक होते, हा त्यांचा अनुभव आहे.

किनाऱ्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने 'धोकारेषा' आखली. पाण्याच्या पातळीतील चढउतार, समुद्राची वाढ आणि किनाऱ्याची झीज किंवा भर, या सर्वांचा विचार तिच्यात केला जातो. तथापि २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत या रेषेचे स्थान आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनाचे साधन असे ठेवण्यात आले आहे. बांधकामास बंदी करणारी रेषा ती नव्हे. याचा अर्थ, ती रेषा पाहावयाची की नाही, हे पुष्कळसे स्थानिक संस्थांच्या आणि नागरिकांच्या जागरूकतेवर सोडलेले आहे.

नाशिकचा समुद्राशी संबंध

नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचीवर वसले आहे. समुद्र कितीही वाढला, तरी तो येथवर येणार नाही. मग या चर्चेशी आपला काय संबंध, असा प्रश्न वाचक विचारू शकतील. आमच्या मते हा संबंध दुहेरी आहे.

पहिला संबंध पावसाचा. अरबी समुद्रावरून आलेले बाष्प सह्याद्रीला थडकते आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरांवर बरसते. तेच पाणी गंगापूर आणि दारणा धरणांत उतरते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. समुद्राची पातळी ज्या कारणाने वाढते, त्याच कारणाने थोड्या वेळात फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंगही वाढतात. पूररेषा मात्र मागील अनेक वर्षांच्या नोंदींवरून आखलेली असते. पाऊसच बदलला, तर जुन्या नोंदींवरची रेषा हळूहळू खोटी पडू लागते.

दुसरा संबंध गाळाचा. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील सुपीक त्रिभुज प्रदेश तिने वाहून आणलेल्या गाळानेच घडविला. नदीवर आणि उपनद्यांवर धरणे झाली, तशी गाळाची ही आवक मोठ्या प्रमाणात घटली. गाळ न मिळालेली जमीन खचते, समुद्र वर येतो आणि किनारा दोन्हीकडून गमावतो. वरच्या अंगाला आपण जे अडवितो, त्याचा हिशेब खालच्या अंगाला कुणाला तरी द्यावा लागतो, हे गोदावरीच्या दोन टोकांवर दिसून येते.

रेषेवर कोण राहते?

पूररेषा नकाशावर आखली जाते, पण ती माणसांच्या घरांवरून जाते. रेषेच्या आत गेलेल्या भूखंडाचे मोल घटते, म्हणून रेषा सरकविण्यासाठी दबाव येतो. भर घालून जमीन उंच करणे किंवा संरक्षक भिंत बांधणे, हे उपाय सुचविले जातात. पण भिंतीने पाणी नाहीसे होत नाही. ते समोरच्या तीरावर किंवा खालच्या गावात जाते. एकाचा बचाव हा दुसऱ्याचा पूर ठरू शकतो.

दुसरीकडे, नासर्डी आणि वाघाडीच्या काठावरील वस्त्यांत राहणारे कष्टकरी रेषेच्या आत आहेत, कारण शहरात अन्यत्र जागा घेणे त्यांना परवडले नाही. नकाशा हाती आला की त्यांना केवळ 'अतिक्रमण' ठरवून उठविणे सोपे असते. त्याच नकाशाचा उपयोग त्यांना आधी इशारा देण्यासाठी, जवळपास सुरक्षित पर्यायी घर देण्यासाठी आणि पुनर्वसनाचा क्रम ठरविण्यासाठी करणे अवघड असते. नकाशा कोणत्या हेतूने वाचला गेला, यावर त्याची नैतिकता ठरते.

सिंहस्थ कुंभमेळ्याचेही येथे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. सिंहस्थाची मुख्य स्नाने पावसाळ्यात येतात. २०१५ मध्ये नाशिकचे अखेरचे शाही स्नान १८ सप्टेंबर रोजी झाले; २००८ चा महापूर १९ सप्टेंबरचा. लाखो भाविक घाटावर असताना धरणातून किती पाणी केव्हा सोडावे, तंबू कोठे उभारावेत आणि बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या असाव्यात, या प्रश्नांची उत्तरे श्रद्धेच्या बरोबरीने पूररेषेच्या नकाशातही शोधावी लागतात.

नागरिकांनी काय पाहावे?

या विषयातील सर्व तांत्रिक बाबी प्रत्येकास कळल्या पाहिजेत असे नाही. परंतु पुढील गोष्टी कोणत्याही कुटुंबास, गृहनिर्माण संस्थेस किंवा धर्मग्रामास करता येण्याजोग्या आहेत.

१. घर किंवा भूखंड घेण्यापूर्वी महापालिकेच्या विकास आराखड्यात तो निळ्या-लाल रेषांच्या संदर्भात कोठे येतो, हे पाहावे. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

२. रेषा कोणत्या वर्षी आणि कोणत्या विसर्गासाठी आखली, हे विचारावे. त्यानंतर नवे पूल, भिंती किंवा भराव झाले असतील, तर रेषेची फेरतपासणी मागावी.

३. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये पाणी कोठवर आले, याच्या खुणा भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर कायम रंगवून ठेवाव्यात. माणसे घर बदलतात, आठवणी पुसल्या जातात; खूण राहते.

४. गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना आली की आपल्या वस्तीत किती वेळाने पाणी येते, याची नोंद ठेवावी. किती हजार क्युसेकला कोणता रस्ता बुडतो, हे प्रत्येक वस्तीने जाणून घ्यावे.

५. लाल रेषेबाहेरील शाळा, सभागृहे आणि चर्चचे आवार यांची यादी आधीच करून ठेवावी. वृद्ध, आजारी आणि अपंग व्यक्तींना तेथे कोण घेऊन जाईल, हेही पावसाळ्यापूर्वी ठरवावे.

६. किनाऱ्यावर नातेवाईक किंवा जमीन असणाऱ्यांनी धोकारेषेची चौकशी करावी आणि मोठ्या भरतीच्या तारखा व वेळा माहीत करून घ्याव्यात.

दुतोंड्या मारुतीचे महत्त्व नकाशामुळे कमी होत नाही. मूर्ती सर्वांना दिसते, सर्वांना कळते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी कोणत्याही कार्यालयात जावे लागत नाही. हेच तीन गुण पूररेषेच्या नकाशात यावयास हवेत. ज्या दिवशी निळी आणि लाल रेषा प्रत्येक गल्लीतील खांबावर दिसेल, शाळेतील मुलास तिचा अर्थ सांगता येईल आणि दर काही वर्षांनी ती नव्या नोंदींनुसार पुन्हा आखली जाईल, त्या दिवशी तो नकाशा खऱ्या अर्थाने लोकांचा होईल. तोपर्यंत येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या घराची जागा त्या नकाशावर एकदा शोधून पाहावी, एवढी विनंती आम्ही वाचकांना करीत आहोत.